दोन माइक, पोकळ संवाद

मुलाखत चित्रित करताना एक माइक कॉलरला असतो, दुसरा कॅमेऱ्यावर. पहिला डाव्या चॅनलवर येतो, दुसरा उजव्या. एडिटिंगमध्ये दोन्ही मिसळून मोनो केले की एरवी स्वच्छ वाटणारे संवाद पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे ऐकू येतात. मग इक्वलायझर फिरवत बसण्यात वेळ जातो. दोष तिथे नसतोच. तो वेळेत असतो.

आवाज १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. कॅमेरा दीड मीटरवर असेल, तर तिथे तोच शब्द जवळपास ४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही लहरी एकत्र आल्या की काही कंप्रता फुगतात, काही मरतात. फरक १ मिलिसेकंदाचा असेल तर ५००, १५००, २५०० हर्ट्झवर खड्डे पडतात, म्हणजे नेमके बोलण्याच्या पट्ट्यात!

माझं स्पष्ट मत : मिसळूच नका. कॉलरचा चॅनल दोन्ही बाजूंना द्या, दुसरा बंद करा. दोन्ही हवेच असतील तर वेव्हफॉर्म मोठा करून सुरुवातीला वाजवलेल्या टाळीचं टोक दोन्ही चॅनलवर जुळवा. फ्रेमने सरकवून भागत नाही, कारण २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. सँपलच्या मापानेच सरकवावं लागतं.

मोनो करताच संवाद जवळजवळ नाहीसाच झाला, तर एका चॅनलची लहर उलटी आहे. बॅलन्स्ड माइक चुकीच्या केबलने स्टिरिओ सॉकेटला जोडला की असं होतं. हेडफोनवर हे निसटतं. मोबाइलच्या एकाच स्पीकरवर मात्र बोलणारा मुका होतो. एका चॅनलला ‘इन्व्हर्ट’ लावा, आवाज परत येतो.