जुन्या जीपचा पॉवर ब्रेक कडक झालाय? पाय, अंगठा आणि फोन वापरून असा शोधा बिघाड

मित्रांनो, आज ॲपबद्दल नाही, ब्रेकबद्दल बोलू. पण फोन लागणार आहे, तो हाताशी ठेवा.

अकोल्याला माझ्या मामांकडे जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह डिझेल जीप आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही अकोट, परतवाडा करत चिखलदऱ्याला गेलो. चढताना काहीच त्रास नाही. उतरताना मात्र तिसऱ्या-चौथ्या वळणापासून ब्रेकचं पेडल दगडासारखं झालं. मामा सीटवरून अर्धे उठून पाय दाबत होते. खाली पोचल्यावर म्हणाले, "ब्रेक लागूनच नाई रायला बे, पायात गोळा आला."

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये लायनर बदलले, ब्रेक ऑइल बदललं, हवा काढली. गल्लीत चक्कर मारून "ओके" झालं. पुढच्या घाटात पुन्हा तेच! अकोला-अमरावती हायवेवर हे कळतही नाही. (हाच तो रस्ता, जिथे जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस विक्रम झाला.) सपाट रस्त्यावर ब्रेक लागतोच किती?

मग एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला, "भाऊ, पेडल कडक लागून रायलं का खाली जाऊन रायलं?"

सगळं निदान इथून सुरू होतं. पेडल स्पंजसारखं लागत असेल किंवा हळूहळू खाली बसत असेल, तर दोष ऑइलच्या बाजूला: लाइनमध्ये हवा, गळती किंवा मास्टर सिलिंडर. अशी गाडी चालवूच नका. पण पेडल वर आणि कडक असेल, तर बहुतेक वेळा पायाला मिळणारी मदत बंद झालेली असते. आमचं पेडल कडक होतं, म्हणजे आधीचा खर्च चुकीच्या बाजूला झाला.

ही मदत येते कुठून?

पेडलच्या पुढे, बॉनेटखाली एक गोल काळा डबा दिसतो. तो बूस्टर. आत रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूची हवा ओढून घेतलेली असते. पेडल दाबलं की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला ढकलते. म्हणजे ब्रेक दाबायला चक्क वातावरण मदत करतं. जुन्या पेट्रोल गाडीत ही हवा इंजिनच ओढतं. जुन्या डिझेल इंजिनात तशी ओढ तयार होत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. बऱ्याच जीपमध्ये तो डायनॅमोच्या मागेच बसवलेला असतो आणि त्याच पट्ट्यावर फिरतो. पट्टा घसरायला लागला तर चार्जिंग आणि ब्रेक दोन्ही एकदम कमजोर होतात.

आता तपासणी. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, ते कडक होईल. मग दाबूनच धरा आणि स्टार्टर मारा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. ते गेलं की नाही हे पायाला नीट समजत नाही, म्हणून मित्राला फोनवर पेडलचा व्हिडिओ काढायला सांगा. अजिबात हललं नाही तर व्हॅक्यूम पोचत नाही किंवा बूस्टर गेला.

दुसरी गोष्ट, दोन मिनिटं चालवून इंजिन बंद करा, थोडं थांबून पेडल दाबा. पहिले दोन-तीन दाब हलके लागले पाहिजेत. पहिलाच कडक लागला तर साठवलेला व्हॅक्यूम निसटतोय, म्हणजे चेक व्हॉल्व्ह, पाइप किंवा बूस्टर कुठेतरी गळतोय. पेडल दाबून धरल्यावर पायाजवळ सतत "सूं" आवाज येत असेल तर संशय थेट बूस्टरच्या पडद्यावर.

आमची गाडी दोन्हींत पास झाली! कारण आम्ही ती सकाळी, थंड इंजिनावर तपासली. मिस्त्री म्हणाले, "आधी तापव तिले." तासभर फिरवून आलो आणि पहिल्याच तपासणीत पेडल हललं नाही. मग इंजिन बंद करून त्यांनी बूस्टरचा पाइप काढला, पुन्हा चालू करून पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवला. ओढ नावालाच. पंपाच्या तोंडाशी मात्र अंगठा चिकटून बसला. मग दोष मधल्या पाइपात. तोंड बंद केलं की पाइप मधोमध चपटा होत होता. माझ्या फोनमध्ये तो व्हिडिओ अजून आहे. कधीतरी कोणीतरी तिथे साधा मऊ रबरी पाइप लावला होता. थंड असताना तो तग धरायचा, इंजिनच्या उष्णतेनं मऊ पडला की आतल्या ओढीनं मिटायचा. (हा प्रयोग करताना पंखा आणि पट्ट्यापासून हात, ओढणी, चार्जरची वायर लांब ठेवा.)

घाटात हे आणखी का जाणवतं? काही फोनमध्ये बॅरोमीटर असतो. अमरावतीत तो साधारण ९७० हेक्टोपास्कल दाखवेल, ११०० मीटरवरच्या चिखलदऱ्यात ८९० च्या आसपास. ढकलणारी हवाच पातळ, त्यामुळे चांगला बूस्टरही तिथे थोडा कमी जोर देतो.

आणि डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे आपल्याकडे कमी नाहीत. मामाही त्यातलेच. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. साठ्यातले दोन-तीन ब्रेक संपले की उरतो फक्त तुमचा पाय. उतरताना खालचा गिअर टाका, गाडी इंजिनावर रोखा.

दुकानात "व्हॅक्यूम पाइप" असं नाव घेऊनच मागा; जाड, आत दोऱ्याची वीण असलेला मिळतो. तो बसवल्यावर मिस्त्रींनी तापलेल्या इंजिनावर गेज लावला. काटा ६०० मिलिमीटर पाऱ्याच्या पुढे जाऊन थांबला.