राणीसाहेबांनी रंगवलेले राजे

भिवंडीकराला खळ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मागावर चढण्याआधी ताणा सायझिंगमध्ये खळ पिऊन येतो, म्हणून तर धोट्याचा मारा सोसतो. कापडधंद्यातली ही खळ चिंचोक्याच्या पुडीचीही करतात. आता तीच चिंचोक्याची खळ लावून कापडावर कापड चिकटवत जा. थर वाळून कडक झाले की त्यांच्या गोल चकत्या कापा, खडूच्या पुडीचा लेप देऊन घोटून गुळगुळीत करा, बारीक कुंचल्याने त्यांवर देव आणि राजे रंगवा, वरून लाखेची चकाकी द्या. हातात येतं ते सावंतवाडीच्या गंजिफाचं पान. आपल्या रोजच्या खळीतून इतकं देखणं काही घडतं, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली संचात ९६ पानं असतात. दशावतारी संचात १२०: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा पानं. राजाच्या पानावर साक्षात तो अवतार असतो. मत्स्याच्या पानांवर मासे मोजायचे, कूर्माच्या पानांवर कासवं. आणि डावाची सुरुवात? दिवसा खेळायला बसलात तर रामाच्या राजाने, रात्री बसलात तर कृष्णाच्या. सूर्य कुठे आहे हे बघून उतारी ठरवणारा खेळ!

राजेच गेले, तर त्यांना रंगवणाऱ्यांचं आणि पत्त्यांवरच्या राजांचं काय होतं? हे बघायला आता क्षणभर फ्रान्समध्ये जाऊ. राणी मारी आंत्वानेतची आवडती चित्रकार एलिझाबेथ विजे ल ब्रं ऑक्टोबर १७८९ मध्ये, जमावाने राजघराण्याला व्हर्सायहून पॅरिसला आणलं त्या रात्री, लहानग्या मुलीला घेऊन देशाबाहेर निघाली. तिची व्यक्तिचित्रं रोम, व्हिएन्ना, सेंट पीटर्सबर्ग अशा परक्या दरबारांत रंगत राहिली. इकडे फ्रान्समध्ये राजाचं डोकं उडालं आणि त्यापाठोपाठ क्रांतीचा हात पत्त्यांपर्यंत पोचला. १७९३-९४ च्या सुमाराला नवे पत्ते छापले गेले. त्यांत राजाच्या जागी प्रतिभेची मूर्ती आली, राणीच्या जागी स्वातंत्र्य आणि गुलामाच्या जागी समता.

आपल्याकडेही सिंहासनं गेली, पण सह्यांनी. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. शेवटचे राजे शिवरामराजे भोसले पुढे मतं मागून अनेकदा आमदार झाले. ज्यांना गादी वारशाने मिळाली, त्यांना लोकांनी आता आपल्या मताने निवडलं. ही उलथापालथ काही लहान नव्हती.

तिचा फटका गंजिफा रंगवणाऱ्या चितारी मंडळींनाही बसला. छापील पत्ते केव्हाच स्वस्त झाले होते. एक संच हाताने रंगवायचा म्हणजे १२० चित्रं, ती कोण विकत घेणार? १९५० च्या दशकाच्या अखेरीस सावंतवाडीत ही कला हातात असलेले पुंडलिक चितारी म्हातारे झाले होते. त्यांच्यासोबत कुंचलाही थांबला असता. तेव्हा राणी सत्त्वशीलादेवी भोसले आणि शिवरामराजे त्यांच्याकडे शिकायला बसले. राणीसाहेबांनी स्वतः कुंचला धरला, पानं रंगवली, मग गावातल्या तरुणांना शिकवलं.

मला यातलं सर्वांत मोठं वाटतं ते हे शिकायला बसणं. पिढ्यान्‌पिढ्या चितारी राजवाड्याची कामं करत आले. इथे राजवाडा चितारी गुरूकडून धडे घेत होता. राज्य असताना आश्रय देणं ही रीत होती. राज्य गेल्यावर उरले ते दोन हात, आणि राणीने ते कामाला लावले.

१९७१ मध्ये ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू झालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता संपली. कागदावर देशात एकही राजा उरला नाही, आणि सावंतवाडीत राजे रंगवणं नव्या जोमाने चालू राहिलं. फ्रान्सने पत्त्यांतूनही राजा पुसला. आपल्याकडे राजेपण सोडलेल्या घराने तो पत्त्यांत जपला, कारण जपायचं होतं ते चिताऱ्याच्या बोटातलं वळण.

शिवरामराजे १९९५ मध्ये गेले, सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये. मोती तलावाकाठच्या त्या जांभ्या दगडाच्या राजवाड्यात दरबार हॉलमध्येच कारागिरांची बैठक असते. जिथे एके काळी मुजऱ्यासाठी माना लवायच्या, तिथे त्या आता चिंचोक्याच्या खळीने घडलेल्या पानावर लवतात.