पायवाट जपणाऱ्यांचे नेतृत्व

ठाण्याचा टेंभी नाका म्हटले की प्रथम आठवतो तो आनंद दिघे यांनी सुरू केलेला नवरात्रोत्सव. हजारो भाविकांच्या रांगा, त्यांना पाणी देणारे, गर्दी वळवणारे आणि रात्री उशिरा रस्ता झाडणारे कार्यकर्ते हे दृश्य ठाणेकरांच्या परिचयाचे आहे. संघटना कशी चालवावी, याचे शिक्षण या शहराला मंडळांनी दिले. याच नाक्यापासून काही किलोमीटरवर येऊरचा डोंगर सुरू होतो. थोडे पुढे गेले की कल्याणजवळचा मलंगगड, शहापूरचा माहुली, मुरबाडचे गोरखगड, सिद्धगड आणि नाणेघाट लागतात. सुटीच्या दिवशी पाठीला पिशवी लावून तिकडे निघणाऱ्यांची संख्या गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फार वाढली. मात्र ज्या वाटेवरून हे सारे चालतात, ती वाट राखतो कोण, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. वाट आपोआप पडते आणि आपोआप टिकते, असा बहुतेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे.

पाणी हा पहिला शत्रू

सह्याद्रीत चार महिने धो धो पाऊस पडतो. पायांनी तुडवून खोलगट झालेली वाट म्हणजे पाण्याला आयता मिळालेला पाट असतो. पाणी माती वाहून नेते, दगड उघडे पडतात आणि चालणारा चिखल टाळण्यासाठी कडेच्या गवतावरून जातो. ते गवत मेले की वाट रुंदावते आणि पुढच्या पावसात आणखी माती जाते. वळणे टाळून सरळ उतरणाऱ्यांनी पाडलेल्या आडवाटा तर काही वर्षांतच घळीचे रूप घेतात.

यावरचा उपाय साधा आहे, पण कष्टाचा आहे. वाटेला दरीच्या बाजूला किंचित उतार द्यायचा, ठरावीक अंतरावर तिरके दगड पुरून पाणी बाहेर काढायचे, आडवाटा काटेरी फांद्या टाकून बंद करायच्या, दिशादर्शक खुणा मोजक्या आणि स्पष्ट ठेवायच्या. पावसाळ्यापूर्वी दगडांचे काम उरकावे लागते, तर पावसाळ्यानंतर माजलेली घाणेरी आणि कारवी छाटावी लागते. हे दरवर्षी करावे लागते. काम चांगले झाले तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. उत्सवाच्या कार्यकर्त्याला नऊ दिवसांत कामाचे फळ दिसते, वाट राखणाऱ्याला ते दिसत नाही. अशा संस्थेच्या अध्यक्षापुढची पहिली अडचण हीच असते.

वाट राखण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. कल्याण बंदरातून जुन्नरकडे माल नेणारा नाणेघाट सातवाहन काळात वाहता होता. तेथील लेण्यात नागनिकेचा शिलालेख आहे, घाटात पाण्याची टाकी खोदलेली आहेत आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा असल्याचे परंपरा सांगते. वाट वापरणाऱ्याने वाटेसाठी काही द्यावे, हा विचार त्या रांजणाइतकाच जुना म्हणावा लागेल.

स्वप्न आणि हिशेब

या क्षेत्रातले जगातले ठळक उदाहरण अमेरिकेतील अॅपलाचियन वाटेचे आहे. १९२१ मध्ये बेंटन मकाय या वनशास्त्रज्ञाने शहरी माणसाला श्रमपरिहार मिळावा म्हणून पर्वतरांगेवरून जाणाऱ्या लांब पायवाटेची कल्पना लेखातून मांडली. १९२५ मध्ये तिच्यासाठी संस्था उभी राहिली. मात्र काम रेंगाळले. १९३१ मध्ये मायरन एव्हरी हा वकील अध्यक्ष झाला. मोजणीचे चाक ढकलीत तो स्वतः वाट चालला, गावोगावी मंडळे उभी केली आणि प्रत्येक मंडळाला वाटेचा एकेक तुकडा नेमून दिला. १९३७ मध्ये वाट जोडली गेली. आज ती १४ राज्यांतून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर जाते आणि तिची देखभाल अजूनही प्रामुख्याने स्थानिक मंडळांचे स्वयंसेवकच करतात.

या दोघांचे पुढे पटले नाही. डोंगरमाथ्यावरून मोटाररस्ता काढण्याच्या सरकारी योजनेला मकाय यांचा तीव्र विरोध होता, तर एव्हरी यांनी रस्ता मान्य करून वाट बाजूला वळवली. कोण बरोबर, यावर आजही वाद होतो. पण धडा स्पष्ट आहे. अशा संस्थेला स्वप्न पाहणारा लागतो आणि तुकडे वाटून देऊन हिशेब ठेवणाराही लागतो. दोन्ही गुण एकाच माणसात क्वचितच सापडतात. तेव्हा ज्याच्यात जे कमी, ते त्याने सहकाऱ्यांत शोधावे.

जमीन दुसऱ्याची, काम आपले

आपल्याकडे वाटेची मालकी संस्थेची कधीच नसते. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तेथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. बिबट्याच्या या अधिवासात परवानगीशिवाय दगड हलवणे तर सोडाच, प्रवेश करणेही नियमबाह्य ठरते. राखीव वनांना १९२७ चा भारतीय वन कायदा, तर संरक्षित किल्ल्यांना पुरातत्त्व खात्याचे नियम लागू होतात. उत्साहाच्या भरात पायऱ्यांना सिमेंट लावणारी किंवा कातळावर रंगाचे मोठे बाण काढणारी तरुण मंडळी म्हणूनच संस्थेला अडचणीत आणतात. नेतृत्वाचा बराचसा वेळ वनाधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार करण्यात आणि आपल्याच कार्यकर्त्यांना थोपवण्यात जातो. हा वेळ वाया गेला असे मानू नये, कारण कामाचा पायाच तो आहे.

याहून महत्त्वाचा भाग गावकऱ्यांचा. शहरी माणसासाठी जी रविवारची भटकंती, तीच वाट ठाकर, वारली, महादेव कोळी वस्त्यांसाठी बाजाराची, शाळेची आणि दवाखान्याची असते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. मदत पथके भर पावसात निसरड्या पायवाटेने चढून गेली, यंत्रे वर नेता आली नाहीत आणि डोंगरवाटांची सवय असलेल्या गिर्यारोहकांची तेव्हा मोठी मदत झाली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. डोंगरातल्या माणसाचा बाहेरच्या जगाशी असलेला एकमेव धागा म्हणजे पायवाट, हे त्या रात्रीने दाखवून दिले. म्हणून वाटेचा कोणता भाग आधी दुरुस्त करायचा, हे शहरातल्या बैठकीत न ठरवता गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीबरोबर बसून ठरवणे शहाणपणाचे. कामाची मजुरी, वाटाड्याचे मानधन आणि जेवणाची सोय गावातच राहिली, तर संस्था नसतानाही वाट राखली जाते.

कागद आणि पैसा

महाराष्ट्रात अशा संस्था सहसा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदल्या जातात. अध्यक्ष किंवा विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. अनेक मंडळे इथेच अडकतात. जुनी नावे कागदावर तशीच राहतात आणि पुढे बँकेचे खाते व देणगीचे प्रस्ताव खोळंबतात.

पैशाचेही तसेच. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले आणि पर्यावरणाचे काम त्यात बसते. मात्र देणगीदाराला फलक लावता येईल अशी नवी गोष्ट हवी असते, दरवर्षी तेच दगड पुन्हा बसवण्यात त्याला रस नसतो. अध्यक्षाने सभासदांच्या लहान पण नियमित वर्गणीतून देखभालीचा खर्च भागवावा आणि मोठी देणगी केवळ जादा कामासाठी घ्यावी, हे त्यावरचे उत्तर आहे.

नाही म्हणण्याचे धैर्य

राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून नोंदणी व सुरक्षेचे नियम घातले. अपघात झाला तर गिर्यारोहकांचे बचाव समन्वय केंद्र मदतीला धावते. पण अपघात टाळणे हे वाट राखणाऱ्याच्या हातात अधिक असते. सैल झालेली शिडी काढून टाकणे, अतिवृष्टीत वाट बंद ठेवण्यासाठी वनखात्याला साथ देणे, एका दिवशी किती माणसे जावीत याचा आग्रह धरणे, ही कामे लोकप्रिय नाहीत. संस्थेच्या प्रमुखाला ती तरीही करावी लागतात.

मुलुंडला २००२ पासून भरणाऱ्या गिरिमित्र संमेलनाने डोंगरवेड्यांना एकत्र आणले. ठाणे-कल्याण परिसरात कार्यकर्त्यांची वाण कधीच नव्हती. आता गरज आहे ती त्यांच्यातून वाटेचा एखादा किलोमीटर वर्षानुवर्षे सांभाळणारी माणसे घडवण्याची. अध्यक्ष पायउतार झाल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यातही वाट शाबूत राहिली, तर त्याने नेतृत्व केले असे म्हणता येईल.