भिंत दगडाची, भार लाकडाचा

सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचं अणदूर खंडोबाचं गाव म्हणून ओळखलं जातं. देव सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गला, ही दोन्ही गावांनी सांभाळलेली वहिवाट. याच पट्ट्यात जुने दगडी वाडेही आहेत. ते ज्या वेगाने पाडले जाताहेत, तो पाहता त्यांची बांधणी समजून घेणं निकडीचं झालंय.

वाड्यात शिरताना नजरेत भरतो तो काळा पाषाण. जोत्याचे घडीव चिरे, दिंडी दरवाजाच्या दोन्ही अंगांना टाकीने साफ केलेला दगड. शेजारच्या नळदुर्ग किल्ल्यात हाच दगड चुन्यात बसवून बोरी नदी अडवली गेली आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल निघाला. काळ इब्राहिम आदिलशहा दुसऱ्याचा, साल 1613. राहत्या घराला इतका चुना परवडत नसे. चुनखडी भाजायला जळण, घाणीत मळायला बैल. त्यामुळे चुना दर्शनी दरजांपुरता आणि आतल्या थरांना मातीचा गारा, अशीच बहुतेक घरं उठली.

दोन-दोन हात जाडीची ही भिंत दिसते एकसंध, पण असते दोन पदरांची. बाहेर एक, आत एक, मध्ये गोटे, खपल्या आणि मातीची भर. हा दगड पाणी फारसं पीत नाही, मातीही त्याला धरून राहत नाही. गवंड्याने दोन्ही पदरांना सांधणारे आरपार दगड घातले असतील तर भिंत एकजीव होते. नसतील तर पाणी मुरून भर खाली बसते आणि भिंतीला पोट येतं.

छताचा भार मात्र सुताराने लाकडावर घेतलेला असतो. दगडी उथळ्यावर खांब, त्यावर तुळई, तुळईवर कड्या आणि फळ्या. दोन खांबांमधल्या अंतराचा खण, आणि घर मोजायचं ते खणांत. चांगल्या वाड्यात हा सांगाडा स्वतःच्या पायावर उभा असतो. भिंत आडोसा देते, ऊन अडवते, देवळ्या-कोनाड्यांना जागा देते. मला या वास्तूची खरी हुशारी इथेच वाटते.

फळ्यांवर पाला-पाचोळा, त्यावर पांढरी माती चोपून माळवद. उजेडाला आणि धुराला सानं. मे महिन्याच्या कडक उन्हात खाली ओसरी गार राहते ती या थरामुळे. पण पावसाळ्याआधी गळती नको म्हणून मातीवर माती पडत गेली. जुनी खरवडून काढण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. पिढ्यान्‌पिढ्या घराची निगा राखता राखता त्याच्या डोक्यावरचं ओझं वाढत गेलं.

30 सप्टेंबर 1993. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं घरांतच गाडली गेली. दगडावर आळ आला, आणि लोकांच्या मनात तो आजही आहे. पण पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना ढिगाऱ्यांतच दुसरी गोष्टही दिसली: भिंती बाहेर कोसळल्या तरी काही ठिकाणी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, आणि त्याखालची माणसं वाचली. जिथे जड माळवद थेट मातीतल्या दगडी भिंतींवर टेकलेलं होतं, तिथे घात झाला.

त्याच वर्षीच्या भारतीय मानकात अशा बांधकामाचे उपाय आहेत: उभ्यात 60 सेंटीमीटरच्या आत, आडव्यात सुमारे 1.2 मीटरवर आरपार दगड किंवा त्याच कामाचा सांधा. भिंतींना चहूबाजूंनी बांधणारा पट्टा. याला अफाट पैसा लागत नाही, जाणता गवंडी लागतो.

आज डागडुजी उलटीच होते. खांब अडचण करतात म्हणून काढले जातात, भिंतीवर स्लॅब ओतला जातो, मातीच्या गाऱ्यावर सिमेंटचा गिलावा चढतो आणि आतली ओल आतच कोंडते. वाडा राखायचा तर आधी माळवदावरची जादा माती उतरवावी, मग कड्यांची वाळवी पाहावी, मग पोट आलेली भिंत वितावितांनी उघडून आरपार दगडाने शिवावी, आणि दरजा चुन्याने भराव्यात. खांबाला हात लावू नये.