थायरॉइडची गोळी : फजरला, झोपताना की सहरीला?

लालबागच्या खालाच्या उशाशी तीन बाटल्या होत्या. एक ५० मायक्रोग्रॅमची, एक ७५ची, एक १००ची. दीड वर्षात डोस दुप्पट झाला, तरी रक्ताच्या रिपोर्टात टीएसएचचा आकडा काही खाली येईना. अंग जड, पाय सुजलेले, केस गळून कंगवा भरायचा. वजन तर विचारूच नका. "माझ्या अंगाला औषध लागतच नाही," असं खाला सगळ्यांना सांगत असे, आणि आम्हीही ते खरं मानत होतो.

मग परळच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत, तीन तास बाकावर बसल्यावर, एका तरुण डॉक्टरीणबाईने फाईल बाजूला ठेवून साधा प्रश्न विचारला. "मावशी, गोळी घेता कधी? आणि कशाबरोबर?"

खाला म्हणाली, "पहाटे पाचला पाणी येतं ना चाळीत. पिंपं भरली की चहा ठेवते. चहा-पाव आणि सगळ्या गोळ्या एकदमच. म्हणजे विसरायला होत नाही."

सगळ्या म्हणजे कोणत्या, हे विचारल्यावर पिशवीतून निघाल्या : थायरॉइडची, हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची आणि ॲसिडिटीची. डॉक्टरीणबाई हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. दीड वर्ष ती गोळी चहातच वाहून जात होती म्हणायची.

थायरॉइड ग्रंथी कमी काम करू लागली की तिचंच संप्रेरक, थायरॉक्सिन, गोळीच्या रूपाने द्यावं लागतं. हे नेहमीच्या औषधासारखं रोगाशी लढत नाही. शरीराला जे कमी पडतं ते भरून काढतं. त्याची मात्रा ग्रॅममध्ये नाही, मिलिग्रॅममध्येही नाही, मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एका ग्रॅमचे दहा लाख भाग, त्यातले पन्नास-शंभर. एवढीशी मात्रा लहान आतड्यातून रक्तात शोषली जायची असते, आणि रिकाम्या पोटी घेतली तर तिचा मोठा हिस्सा आत जातो. पोटात दूध, पाव, चहा, कॉफी असेल तर हिस्सा घटतो. कॅल्शियम आणि लोह तर तिला आतड्यातच धरून ठेवतात. ॲसिडिटीच्या गोळ्यांनी पोटातलं आम्ल कमी होतं, त्यामुळेही ती नीट विरघळत नाही.

म्हणून नियम असा : गोळी साध्या पाण्याबरोबर, त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, काही खायचं-प्यायचं नाही. पाणी चालतं, चहा नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने. सोयाबीनचे पदार्थही गोळीपासून दूरच बरे.

आता वेळ कोणती? सर्वसाधारण उत्तर पहाटेचं. आपल्या घरांत त्याची सोय आयतीच आहे. फजरला उठलं, वजू करायला गेलं की तिथेच पाण्याबरोबर गोळी घ्यायची. मग नमाज, थोडी तिलावत, पाणी भरणं, मुलांचे डबे. तासभर कसा गेला कळतही नाही. मुंबईत फजर जूनमध्ये पावणेपाचच्या आसपास सुरू होते, जानेवारीत सहाच्या सुमारास. तास-सव्वातासाचा हा फरक गोळीला बाधत नाही. तिला घड्याळाचा काटा नको, रिकामं पोट हवं.

तहज्जुदला नियमाने उठणाऱ्यांसाठी तर याहून चांगली वेळ नाही. रात्रीचं जेवण होऊन चार-पाच तास उलटलेले असतात, आणि चहाही अजून बराच लांब असतो. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, पण हिशेब सरळ आहे.

पहाटे जमतच नाही अशाही बायका आहेत. सव्वासहाची लोकल पकडणारी परिचारिका उठते तीच धावत, आणि चहाशिवाय तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. तिच्यासाठी झोपतानाची वेळ आहे. २०१०मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ९० रुग्णांना काही महिने सकाळी आणि काही महिने रात्री गोळी दिली. कोणती खरी, कोणती खोटी हे रुग्णांना माहीत नव्हतं. रात्रीच्या गोळीने टीएसएच अधिक खाली आला. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत रात्र इतकी सरस ठरली नाही, पण ती सकाळपेक्षा वाईट नाही एवढं दिसलं. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१४च्या मार्गदर्शनातही दोन्ही वेळा दिल्या आहेत : न्याहारीच्या तासभर आधी, किंवा रात्रीच्या जेवणानंतर तीन किंवा अधिक तासांनी झोपताना.

ते तीन तास मात्र आपल्याकडे नडतात. आठला जेवून अकराला झोपणारं घर असेल तर ठीक. आपल्याकडे दुकान बंद करून माणूस घरी येतो दहाला, दस्तरखान पडतो साडेदहाला, आणि वर मुलाने आणलेली फिरनी. त्या पोटावर रात्रीची गोळी म्हणजे पुन्हा खालाचा चहा-पावच.

एक गोष्ट मला उशिरा कळली, ती सांगते. खालाने वेळ सुधारली, कॅल्शियम दुपारी नेलं. डोस १००चाच ठेवला होता. डॉक्टरीणबाईंनी दोन महिन्यांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. खाला म्हणाली, आता बरं वाटतंय, कशाला सुई टोचून घ्यायची? आणि मग छातीत धडधड सुरू झाली. हात थरथरायचे, रात्र रात्र झोप नाही. आम्हाला वाटलं हृदयाचं काही आहे. घाबरून पुन्हा परळ गाठलं. तपासलं तर टीएसएच आता पार तळाला. १००ची गोळी पहिल्यांदाच पूर्ण अंगाला लागत होती, आणि तेवढी तिला नकोच होती. डोस ७५वर आला, धडधड थांबली. उतारवयात थायरॉक्सिन जास्त झालं तर हृदयाची लय बिघडते, हाडंही ठिसूळ होतात. गोळीची वेळ बदलणं म्हणजे एका अर्थी डोसच बदलणं. बदलायच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घाला आणि सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासाच.

तपासणीच्या दिवशी आधी रक्त द्यावं, मग गोळी घ्यावी. आणि केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात, म्हणून तपासणीच्या किमान दोन दिवस आधी ते बंद ठेवतात. केस थायरॉइडमुळे गळायचे, त्यासाठी बायोटिन घ्यायचं आणि बायोटिनने थायरॉइडचा रिपोर्ट फसवायचा, असा हा फेरा.

शेजारणीच्या डोसशी आपला डोस ताडून पाहू नये. परळला टाटा रुग्णालयाच्या आवारात १९६३पासून अणुऊर्जा विभागाचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. थायरॉइडचा कर्करोग झालेले, ग्रंथी अति काम करणारे रुग्ण देशभरातून तिथे किरणोत्सारी आयोडिनच्या उपचाराला येतात. त्यांच्यातल्या अनेकांना पुढे आयुष्यभर हीच गोळी घ्यावी लागते. कर्करोगाच्या काही रुग्णांचा टीएसएच डॉक्टर मुद्दाम तळाला ठेवतात. त्यांचा आकडा पाहून आपली गोळी कमी-जास्त करणं धोक्याचं.

गरोदर सुनेची गोष्ट आणखी नाजूक. पहिले तीन महिने बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर असतं; त्याच्या मेंदूची घडण तेव्हाच चालू असते. आईची गरज साधारण पंचवीस-तीस टक्क्यांनी वाढते. दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना गाठायचं, पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही. आणि नेमक्या त्याच काळात तिला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. सासूबाई प्रेमाने सगळ्या एका वाटीत काढून देतात, वर दुधाचा पेला. थायरॉइडची पहाटे, लोह दुपारी, कॅल्शियम रात्री, असं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं तर वाटी एक राहत नाही. सकाळी उलट्या होत असतील तर डॉक्टरांना विचारून थायरॉइडची गोळी रात्री नेता येते.

राहिला रमजान. "रोजे आहेत, महिनाभर गोळी बंद," असं म्हणणाऱ्या भाभी प्रत्येक मोहल्ल्यात सापडतील. थायरॉक्सिन रक्तातून सावकाश उतरतं, साधारण सात दिवसांत निम्मं होतं. म्हणून एखादा दिवस चुकला तर आभाळ कोसळत नाही. पण महिना म्हणजे चार आठवडे. ईदच्या चंद्रापर्यंत अंगात फारसं काही उरत नाही. दिवसातून एकदाच घ्यायची ही गोळी रात्रीत सहज बसते, तिच्यासाठी ना रोजा सोडावा लागतो ना औषध.

कुठे बसवायची, हे घरावर आहे. इफ्तारला पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घेऊन मगरिबची नमाज पढायची आणि अर्ध्या तासाने जेवायचं, हा एक मार्ग. कागदावर सोपा आहे, पण समोर भजी आणि फळांची चाट मांडलेली असताना, दिवसभराच्या रोज्यानंतर, कोण थांबतं? निदान आमच्या घरात कोणी थांबत नाही. तरावीहनंतर अकराला घेणं तेव्हाच शक्य, जेव्हा आठनंतर तोंडात काही गेलेलं नसेल. मशिदीतून येताना मोहम्मद अली रोडला वळणाऱ्यांनी हा मार्ग विसरावा. उरते सहरी. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, मुंबईत सहरी साडेपाच-पावणेसहाला संपते. साडेचारला उठून आधी गोळी, मग चूल, आणि सव्वापाचला खाणं. पाऊण तास मिळतो.

खालाने हाच मार्ग घेतला, कारण सगळ्यांच्या आधी उठून पराठे लाटणारी तीच. बाटली आता स्वयंपाकघरातून हलली आहे. गॅसची धग आणि पावसाळ्याची दमट हवा या गोळीला मानवत नाही, म्हणून ती कपाटात, झाकण घट्ट लावून ठेवते. कॅल्शियम रमजानभर रात्रीच्या जेवणानंतर. मुलाने तिच्या मोबाइलवर साडेचारचा गजर लावून दिला आहे आणि ईदनंतरच्या रक्ततपासणीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केली आहे.