तार आतच राहते

आत्याचं पेसमेकर गेल्या महिन्यात काढलं, डबी आणि दोन्ही तारांसकट. आमच्या गावात, मांडवगण फराट्यात, तिच्या मशीनचं कौतुक पुष्कळ झालं होतं. काढायला इतका उशीर का झाला, हे कुणी विचारलं नाही. मला तेच टोचतंय.

१९५८ साली स्टॉकहोमात आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिलं पेसमेकर बसलं. पुढची कितीतरी वर्षं डबी लहान करण्यात गेली. ती सोडून देऊ.

तारांच्या गोष्टीचा खरा काळ २००७ नंतरचा. त्या ऑक्टोबरात मेडट्रॉनिकने ‘स्प्रिंट फिडेलिस’ ही डिफिब्रिलेटरची, म्हणजे हृदयाला झटका देणाऱ्या मशीनची, तार बाजारातून मागे घेतली. ती आतल्या आत तुटायची आणि माणसाला विनाकारण झटके बसायचे. जगभरात सुमारे २,६८,००० तारा बसवून झाल्या होत्या. मग ‘रियाटा’ या तारेची पाळी आली, तिच्यातल्या धातूच्या तारा वेष्टन कापून बाहेर डोकावू लागल्या. डबीची गोष्ट वेगळी. २०१२ मध्ये मुंबईतला एक अभ्यास छापून आला: अमेरिकेत काढलेल्या डब्या निर्जंतुक करून ८१ गरीब रुग्णांना बसवल्या, आणि एकालाही जंतुसंसर्ग झाला नाही. डबी अशी सातासमुद्रापार जाऊन पुन्हा कामाला लागते. तार मात्र बांधाला धरलेल्या हरळीसारखी शिरेला, झडपेला चिकटते. ती काढायची तर आत कुलूपबंद सळई सरकवायची, वरून नळी चढवून लेसरने चिकटा सोडवायचा, आणि महाशीर फाटलीच तर छाती उघडायला सर्जन तयार ठेवायचा.

२०१३ अखेर सरकारची मोफत उपचारांची जीवनदायी योजना आमच्या पुणे जिल्ह्यात आली. गावोगावच्या माणसांना मशीन परवडू लागलं, हे फार मोठं काम झालं. पण जंतुसंसर्ग झाला तर सगळं काढायचं, हा नियम २००९ पासून लेखी असूनही आत्याच्या छातीवरची जागा लाल झाली तेव्हा तिला गोळ्या मिळाल्या. त्या जागेतून लस यायला लागली तेव्हा डबी धुऊन पुन्हा तिथेच बसवली. उसाच्या तोडणीत ताप आला, तेव्हाही गोळ्याच. अमेरिकेतही अशा रुग्णांपैकी पाचातल्या एकाचीही तार महिन्याभरात निघत नाही, आणि लवकर निघते त्यांच्यात मृत्यू कमी होतात.

पुण्या-मुंबईत तारा काढण्याचं काम करणारे डॉक्टर आहेत. पहिल्यांदा लस आली त्याच दिवशी आत्याला तिकडे पाठवणारी चिठ्ठी लिहायला हवी होती. तिच्या डॉक्टरांना मी हे समोर बसून सांगून आलो आहे.