विश्लेषण : ८० विमाने पाडणारा ‘रेड बॅरन’ स्वतः कसा पडला?

२१ एप्रिल १९१८. उत्तर फ्रान्समधील सोम नदीच्या खोऱ्यात तीन पंखांचे लालभडक जर्मन विमान ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या डोक्यावरून अगदी खालून गेले आणि जवळच्या शेतात आदळत उतरले. वैमानिकाच्या छातीतून एकच गोळी आरपार गेली होती. तो होता मान्फ्रेड फॉन रिख्तहोफेन, म्हणजेच ‘रेड बॅरन’. वय २५, नावावर ८० विमाने. पहिल्या महायुद्धात इतकी विमाने कोणीच पाडली नाहीत.

विमानात मशीनगन कशी आली?

१९१४ मध्ये विमाने मुख्यतः टेहळणीसाठी होती. वैमानिक एकमेकांवर पिस्तूल, रायफल झाडत. मशीनगन समोर बसवली, तर गोळ्या स्वतःच्याच प्रोपेलरवर बसणार, ही अडचण होती. फ्रान्सच्या रोलां गारोस याने प्रोपेलरच्या पात्यांवर पोलादी पट्ट्या ठोकल्या. (फ्रेंच ओपन टेनिसचे संकुल त्याच्याच नावाचे!) एप्रिल १९१५ मध्ये तो जर्मनांच्या हाती लागला. त्याच वर्षी अँथनी फोकर याच्या कारखान्याने पाते समोर आले की गोळीबार थांबवणारी यंत्रणा जर्मन विमानांत बसवली. आता विमानाचे नाक शत्रूकडे वळवले की नेम साधला जाई.

रिख्तहोफेन वेगळा का ठरला?

तो मूळचा घोडदळातला. खंदकांच्या लढाईत घोडे निरुपयोगी ठरले आणि १९१५ मध्ये तो हवाई दलात आला. तिथे त्याला ओस्वाल्ड ब्योल्के हा गुरू भेटला. ब्योल्केचे नियम साधे होते : सूर्य पाठीशी ठेवा, मागून हल्ला करा, अगदी जवळ गेल्यावरच गोळी झाडा आणि शत्रूच्या हद्दीत परतीची वाट विसरू नका. रिख्तहोफेन हवाई कसरतींसाठी प्रसिद्ध नव्हता. तो शिस्तीने नियम पाळणारा शिकारी होता. एप्रिल १९१७ या एका महिन्यात त्याने २१ विमाने पाडली. समोर अनेकदा जुनाट विमानांत बसवलेली, जेमतेम प्रशिक्षण झालेली ब्रिटिश पोरे असत. प्रत्येक विजयासाठी तो चांदीचा पेला घडवून घेई. ६० पेल्यांनंतर जर्मनीत चांदीच मिळेना. त्रिपंखी विमानामुळे तो ओळखला जात असला, तरी त्याचे बहुतेक विजय त्याआधीच्या विमानांतले आहेत.

मग चूक कुठे झाली?

त्या दिवशी वारा नेहमीच्या उलट, पूर्वेकडून वाहत होता आणि विमानांना ब्रिटिश हद्दीत ढकलत होता. विल्फ्रिड मे हा नवखा कॅनेडियन वैमानिक बंदुका अडकल्याने पळत होता. रिख्तहोफेन त्याच्यामागे खाली, आणखी खाली उतरत शत्रूच्या हद्दीत खोलवर शिरला. ब्योल्केचा शेवटचा नियम त्याने मोडला. जुलै १९१७ मध्ये डोक्याला गोळी लागल्यापासून त्याचा विवेक पूर्वीसारखा राहिला नव्हता, असे काही अभ्यासक मानतात.

मेच्या मदतीला धावलेल्या कॅप्टन रॉय ब्राउन याला ब्रिटिशांनी श्रेय दिले. गोळी मात्र उजव्या काखेजवळून शिरून वरच्या दिशेने गेली होती, तर ब्राउनने वरून, मागून हल्ला केला होता. त्यामुळे बहुतेक अभ्यासकांचे बोट आज जमिनीवरच्या ऑस्ट्रेलियन मशीनगनकडे जाते. सार्जंट सेड्रिक पॉपकिन याचे नाव त्यात पुढे असते.

दुसऱ्या दिवशी शत्रूनेच बेर्तांगल गावात त्याला लष्करी इतमामात पुरले. तोवर सैनिकांनी आठवण म्हणून विमानाचे लाल कापड फाडून नेले होते. इंजिन मात्र उरले. ते लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे.